परदेशी मधुचंद्र : आक्षेप घ्या, पण योग्य जागी

तुळशीचे लग्न लागले की जिंतूर तालुक्यात लग्नांचा बार उडू लागतो आणि त्याबरोबर एक तक्रारही दरवर्षी ऐकू येते. चारठाण्यासारख्या गावातली पोरे आता हनिमूनला बाली, थायलंड, मालदीवला निघाली आहेत. बापाचे सोयाबीन अजून आडतीवर पडून आहे, पीककर्ज थकले आहे आणि लेक-सून विमानाच्या खिडकीतून फोटो टाकत आहेत, असा तिचा सूर असतो. या तक्रारीत तीन आक्षेप आहेत. पहिला, ही उधळपट्टी आहे. दुसरा, हे शहरी अनुकरण आहे, गावाच्या रीतीत ते बसत नाही. तिसरा आक्षेप थोड्या समाधानानेच सांगितला जातो : एवढा खर्च करून जोडपी शेवटी भांडूनच परत येतात. तिन्हींत काही ना काही तथ्य आहे, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की आक्षेपाला जागा आहे, पण ती समुद्र ओलांडण्यात नाही. पैसा कुणाचा आणि निर्णय कुणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ असतील तर परदेशातला मधुचंद्र हा लग्नाच्या साऱ्या खर्चांतला सर्वांत कमी वावगा खर्च आहे. ती वाकडी असतील, तर महाबळेश्वरच्या दोन रात्रीही महागच पडतील.

आधी पैशाचे पाहू. दोन माणसांची आग्नेय आशियातली आठवड्याची सहल मध्यम दर्जाच्या हॉटेलात राहून दीड लाखात होते असे धरू. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. त्या भावाने ही सहल २८ क्विंटल सोयाबीनची झाली. एकरी सहा क्विंटलचा उतारा धरला तर हे जवळजवळ पाच एकरांचे पीक. तेही बी-खत, फवारणी, काढणी काही वजा न करता, आणि बाजारात हमीभाव मिळालाच तर. कोरडवाहू रानाच्या धन्याला ही रक्कम किरकोळ नाही, हे मान्यच. पण हाच काटा उरलेल्या लग्नालाही लावा. मांडव, डीजे, बस्ता, दोन्हीकडच्या सोयऱ्यांचे मानपान, फेटे, ड्रोन, घोडा, आणि मुहूर्त टळेपर्यंत चालणारे पुढाऱ्यांचे सत्कार, यांतले नवरा-नवरीसाठी काय असते? डीजे गावासाठी, मानपान भावकीसाठी, सत्कार पुढच्या निवडणुकीसाठी. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाने भटजीवाचून आणि डामडौलावाचून पहिले लग्न लावले, त्याला दीडशे वर्षे उलटली, तरी या यादीतली एक ओळ कमी करायची म्हटली की घरात रुसवेफुगवे सुरू होतात. २०१७ साली लातूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या लेकीने बापाला लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जीव दिला, तेव्हा सारा मराठवाडा हळहळला. त्या बापाला न झेपलेला खर्च मधुचंद्राचा नव्हता. तो रीतीभातीचा आणि देण्याघेण्याचा होता. ज्या दोघांचे लग्न आहे त्यांच्या वाट्याला जाणाऱ्या एकमेव खर्चावर बोट ठेवायचे आणि लोकांसाठी केलेल्या खर्चाला प्रतिष्ठा म्हणायचे, यात काटकसरीचा आग्रह दिसत नाही. पैसा कुठे दिसला पाहिजे, एवढाच तो वाद आहे.

या बाबतीत हाताशी असलेला एक अभ्यास दोन्ही बाजूंना थोडा अडचणीचा आहे, म्हणूनच तो सांगण्याजोगा. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू फ्रान्सिस-टॅन आणि ह्यूगो मियालॉन यांनी तीन हजारांहून अधिक विवाहित आणि घटस्फोटित लोकांची पाहणी करून लग्नाचा खर्च आणि संसाराचे टिकणे यांचा संबंध तपासला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अंगठीवर आणि समारंभावर भारी खर्च केलेल्यांत घटस्फोटाचे प्रमाण कमी नव्हते, उलट काही गटांत जास्तच होते. मधुचंद्राला गेलेल्यांत मात्र ते कमी आढळले, आणि मधुचंद्रावर किती पैसे गेले याने त्यात फरक पडला नाही. त्याच पाहणीत हेही दिसले की लग्नाला माणसे जास्त जमली असतील तर संसार टिकण्याची शक्यता वाढते. म्हणजे पंगतीला नावे ठेवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे : चार पंचक्रोशीतली माणसे जमणे चांगलेच, फक्त ती स्वस्तात जमवावीत. हा अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्या ठरवून केलेल्या लग्नांना तो जसाच्या तसा लागू होणार नाही. शिवाय दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. ज्यांचे मुळातच पटते तेच फिरायला जात असतील, असेही म्हणता येईल. तरी एवढे नक्की की मधुचंद्राने संसार बिघडतो या समजुतीला त्यात कुठलाच आधार नाही, आणि भरपूर खर्च केला म्हणजे संसार सुखाचा होतो या समजुतीलाही नाही. जाणे महत्त्वाचे, किंमत नव्हे. हे वाक्य सहल विकणाऱ्यांना जितके झोंबेल तितकेच सहलीला नाक मुरडणाऱ्यांनाही झोंबावे.

आता रीतीचा प्रश्न. लग्नानंतर जोडप्याने प्रवासाला निघणे आपल्याकडे नवे नाही. तुळजापूर, माहूर, जेजुरी, जवळ म्हणून औंढा नागनाथ, अशी देवदर्शनाची वाट नवरा-नवरी पिढ्यान्‌पिढ्या धरत आली आहेत. फरक इतकाच की त्या जीपमध्ये सासू असते, करवली असते, आत्या असते, दोन लेकरे मांडीवर असतात आणि कुठे थांबायचे, काय खायचे हे सासरे ठरवतात. ती रीत सुनेला घराच्या देवाशी आणि घराच्या माणसांशी जोडते, आणि ते काम ती चोख करते. पण नवऱ्याशी जोडण्याचे काम तिच्याकडे नाही. पाहण्याच्या कार्यक्रमात अर्धा तास, साखरपुड्यानंतर काही महिने फोनवर, एवढ्या ओळखीवर दोन माणसे एकत्र येतात. त्यानंतर मांडव परतणी, सत्यनारायण, जागरण-गोंधळ, माहेरचे मूळ यांत पहिले काही आठवडे सरतात, आणि खटल्याच्या घरात दिवसा नवरा-बायकोने चार वाक्ये बोलली तरी कुणाच्या तरी कानावर पडतात. अशा जोडप्याला आठ दिवस असे हवे असतात की ज्यांत त्यांना कुणी ओळखत नाही, आणि प्रत्येक लहानमोठी गोष्ट दोघांनाच ठरवावी लागते. सून सासरी नांदायला लागते तेव्हा तिच्या वाट्याला तयार निर्णय येतात. मधुचंद्र ही बहुतेक सुनांच्या आयुष्यातली पहिली वेळ, जेव्हा नवऱ्याला तिला विचारावे लागते. याला अनुकरण म्हणायचे तर म्हणा. शहरातून आलेली प्रत्येक गोष्ट त्याज्य ठरवली तर मोटारपंपही परत पाठवावा लागेल.

तिसऱ्या आक्षेपाकडे येऊ : जोडपी भांडून येतात. येतात, यात शंका नाही, कारण परदेशी सहलीत भांडणाला निमित्ते पुष्कळ. आपली लग्नसराई कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत. नेमका डिसेंबर ते फेब्रुवारी हा बालीत पावसाचा जोर, आणि मे उजाडला की फुकेतच्या बाजूला पाऊस धरतो. पॅकेज स्वस्त का होते, हे हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहताना कळते. गुढीपाडव्याच्या सुमारास बालीला गेले तर आणखी एक गंमत. बालीचे हिंदू आपल्यासारखाच शक मोजतात. २०२५ साली तिथे शके १९४७ उजाडले आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे गुढ्या उभ्या राहिल्या. पण त्यांचा वर्षारंभ मौनाचा असतो. न्येपीच्या त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद, रस्त्यावर कुणी नाही, पाहुण्यांनीही हॉटेलबाहेर पडायचे नाही. ज्याला हे माहीत नाही त्याचा एक दिवस आणि कदाचित विमानही गेले. शिवाय नावाचा घोळ आहेच. लग्नपत्रिकेतले सासरचे नाव एजंटाला सांगून तिकीट काढायचे आणि मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. तिकीट आणि पासपोर्ट यांवर दोन वेगळ्या बायका दिसल्या की विमानतळावर वाद अटळ. जेवणाचे हाल, पोट बिघडणे, परदेशी व्यवहार सुरू न करून घेतल्यामुळे न चालणारे कार्ड, टॅक्सीवाल्याने सांगितलेला अव्वाच्या सव्वा भाव, हे सारे आलेच. मात्र या प्रत्येक अडचणीत दोघांना एकमेकांचा स्वभाव दिसतो. पैसे बुडाले की कोण चिडतो, कोण गप्प बसतो, कोण दुसऱ्यावर ढकलतो, कोण वाट काढतो, हे पत्रिका जुळवून कळत नाही आणि गावात राहून कळायला वर्षे लागतात, कारण तिथे प्रत्येक अडचणीच्या मध्ये घरातले कुणीतरी उभे असते. पहिले भांडण घरच्यांच्या साक्षीने होऊन त्याला दोन घरांचे रूप येण्यापेक्षा ते लांब कुठेतरी होऊन तिथेच मिटलेले बरे. ज्यांना असे भांडण म्हणजे सहलीचे अपयश वाटते त्यांनी मधुचंद्राकडून फार सोपी अपेक्षा ठेवली आहे.

ही सोपी अपेक्षा कुठून आली याचे उत्तर सहलीच्या जाहिरातींत आहे, आणि इथे मला टीकाकारांच्या बाजूने बोलायला हवे. मराठी माणसाला परदेश दाखवणाऱ्या कंपन्यांचे ऋण मोठे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केसरीने आणि २०१३ मध्ये आलेल्या वीणा वर्ल्डने इंग्रजी न येणाऱ्या, शाकाहारी, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या माणसाचा धीर वाढवला. पण मधुचंद्राचा एकूण बाजार आज जे विकतो त्यात फुलांनी मढलेला पलंग, पाण्यावर तरंगणारी न्याहारी आणि फोटोच्या जागा इतक्या ठासून भरलेल्या असतात की दोघांनी ठरवण्यासारखे काही उरत नाही. सकाळी सातला तयार राहा, नऊला बोट, अकराला झोपाळ्यावर फोटो : म्हणजे सासऱ्यांच्या जागी टूर मॅनेजर आला, एवढाच बदल. त्यावर हप्त्यांचे आमिष. २०१३ सालीच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू नसते, ते व्याज प्रक्रिया शुल्कासारख्या नावाखाली वसूल होते. तरीही बिनव्याजी हप्त्यावर हनिमून ही पाटी जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकरही कापला जातो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरले की हिशेबात परत येतो. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून ज्याने आयुष्यात विवरणपत्र भरलेले नाही, त्याला हे सांगायला कुणी येत नाही. कर्ज काढून सुखाचे आठ दिवस विकत घेणारा तरुण त्या आठ दिवसांत सुखी दिसण्याच्या ओझ्याखाली असतो. पाऊस पडला तर त्याला हप्ता आठवतो आणि भांडण झाले तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. परदेशी मधुचंद्राने निराशा पदरी येते असे म्हणणारे बरोबर पाहतात, कारण मात्र चुकीचे सांगतात. निराशा परदेशाने येत नाही, उसन्या पैशाने येते.

याहून गंभीर रोग वेगळाच आहे, आणि उधळपट्टीवर तावातावाने बोलणारे त्याबद्दल सहसा मौन बाळगतात. मुलाला फिरायला पाठवा, अशी मागणी आता देण्याघेण्याच्या बैठकीत हळूच सरकवली जाते. हुंडा म्हणून रोकड मागायला लाज वाटते, गाडी मागितली तर गावभर होते. सहल मात्र लेकीच्याच सुखासाठी म्हणून खपून जाते. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा असा भेद करत नाही. लग्नाच्या संबंधाने, लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर दिलेली वा द्यायचे कबूल केलेली मालमत्ता किंवा मौल्यवान वस्तू त्यात मोडते, आणि नुसत्या मागणीलाही किमान सहा महिन्यांचा कारावास सांगितला आहे. तिकिटे सासऱ्यांनी काढली काय आणि जावयाच्या खात्यावर दीड लाख टाकले काय, मुलीच्या बापाच्या सातबाऱ्यावर बोजा सारखाच. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका हुंडाबळीनंतर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाच्या आचारसंहिता पुढे आल्या. पाहुण्यांवर मर्यादा, डीजे नको, प्री-वेडिंग शूट नको, असे ठराव झाले. ते स्वागतार्हच आहेत. त्यांत एक कलम जोडावे : मधुचंद्राचा पैसा वधूपित्याकडून घेणार नाही. फिरायला जाऊच नये या कलमापेक्षा हे कलम पाळायला अवघड आहे, आणि म्हणूनच गरजेचे आहे.

देशप्रेमाच्या अंगाने येणारा आक्षेपही ऐकून घेतला पाहिजे. १५ ऑगस्ट २०१९ च्या भाषणात पंतप्रधानांनी देशातली पंधरा ठिकाणे पाहण्याचे आवाहन केले, नोव्हेंबर २०२३ मध्ये परदेशात लग्ने लावण्यावर मन की बातमधून प्रश्न विचारला. आपल्याकडे या आक्षेपाला गावठी धारही आहे : चारठाण्यातच गोकुळेश्वराचे मंदिर, कोरीव स्तंभ, पायऱ्यांची बारव असे यादवकाळाच्या आसपासचे वैभव असताना दगडी देवळे पाहायला कंबोडियाला कशाला जायचे? प्रश्न भावनेचा म्हणून ठीक, पण मधुचंद्र हा मुळात देवळे पाहण्यासाठी नसतो. चारठाण्याच्या पोराला बारवेच्या पायरीवर बायकोबरोबर तासभर बसता येईल का, याचा आधी विचार करावा. संध्याकाळपर्यंत ती बातमी दोन्ही घरी पोहोचलेली असेल. ज्या गावात सगळे आपले आहेत त्या गावात एकांत नाही, हा त्या गावाचा दोष नव्हे, तसा तो गुणच. पण त्या गुणाचीच इथे अडचण होते. आणि वारशाबद्दलच बोलायचे तर कंबोडियातले अंगकोर पाहून आलेला माणूस आपल्या गावातल्या पडझड झालेल्या शिळा जास्त लक्षपूर्वक पाहील, याची शक्यता कमी पाहील याहून अधिक आहे. तिथे तिकीट काढून, खांदे झाकून, दगडाला हात न लावता देऊळ पाहिलेल्याला इकडे मूर्तीवर तेलाचे आणि ऑइलपेंटचे थर चढलेले खुपतात. परकीय चलनाची चिंताही खरी. पण लेकराला शिकायला परदेशी पाठवताना आणि सोन्याची खरेदी करताना तिची आठवण कुणाला होत नाही.

मग परदेशच का, देशातच लांब का नको, हा उरलेला सवाल रास्त आहे. परदेश सक्तीचा नाहीच. वरच्या अभ्यासाचा निष्कर्षही किंमत गौण हाच आहे. केरळ, सिक्कीम, गोवा कुठेही तेच साधते. पण नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने आणि डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश खुला केला आणि ऐन हंगामातल्या काश्मीर-अंदमानच्या पॅकेजपेक्षा तिकडची सहल फार महाग पडतेच असे राहिले नाही. नेपाळला तर भारतीयाला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते. तेव्हा परदेश या नुसत्या शब्दाने दचकण्याचे कारण उरलेले नाही. उलट पासपोर्टचा एक फायदा असा की तो सुनेला स्वतःसाठी काढावा लागतो. दीड हजार रुपये शुल्क, चारठाणा ठाण्यातून पोलीस पडताळणी, आणि दहा वर्षे चालणारा तिच्या नावाचा दस्त. नाव बदलण्याची सक्तीही नाही. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलण्याची गरज नसल्याचे पंतप्रधानांनी एप्रिल २०१७ मध्येच सांगितले होते. तिने माहेरचे नाव ठेवायचे की सासरचे लावायचे, हा प्रश्न तिकीट काढण्याआधी त्या दोघांना एकमेकांशी बोलावा लागतो. खटल्याच्या घरात असे प्रश्न विचारले जात नाहीत, परस्पर सुटतात. ज्या मुलीचे एरवी फक्त आधार आणि रेशनकार्डावर नाव असते, तिला पुढे नोकरी वा शिक्षणासाठी बाहेर पडायचे झाले तर हे पुस्तक कामाला येते, मधुचंद्र कसाही झालेला असो.

तेव्हा गावातल्या जाणत्या माणसांनी पोरांना अडवू नये, दोन गोष्टी विचाराव्यात. पैसे तुम्ही दोघांनी साठवलेले आहेत का? आणि कुठे जायचे हे सुनेला विचारूनच ठरले का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर त्यांनी बालीत भिजावे, बँकॉकमध्ये रस्ता चुकावे, भांडावे आणि परत यावे. त्यावर बोलण्याचा अधिकार कुणाला नाही. उत्तर नकारार्थी असेल तर जाहिरातीतले चार फोटो पाहून हप्ता करू नये आणि सासऱ्यापुढे हातही पसरू नये, थांबावे. लग्नाचा मुहूर्त पंचांगात पाहावा लागतो आणि तो टळला तर पुढच्या सराईपर्यंत वाट पाहावी लागते. मधुचंद्राला असा काही मुहूर्त नसतो. पुढच्या दिवाळीनंतर माल विकून, देणी भागवून, हातात उरेल त्यात वर्षभराने गेले तरी चालते, आणि तोवर दोघांना निदान एवढे कळलेले असते की आपल्याला समुद्र हवा आहे की डोंगर.